लांब बाक

हिल्का सावोला ही बाई चुकली असं तिला तोंडावर सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हेलसिंकीच्या उपनगरांसाठी ज्या नव्या विजेच्या लोकल गाड्या यायच्या होत्या, त्यांच्या पोटातलं सगळं तिच्या हाताखालून जात असे: आसनं, खांब, दिवे, दाराची बटणं, बाबागाड्या ठेवायची मोकळी जागा. मोटारी आणि चाकं दुसऱ्या खात्याकडे होती आणि त्यांचं तिला फारसं कौतुकही नव्हतं. "डबा ओढायला काय, कुणीही ओढेल," ती म्हणायची. "आतला माणूस कसा नेताय ते आधी सांगा."

आतला माणूस म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असायचा, तिची थोरली बहीण आउने.

आउने कोर्सो या उपनगरात राहायची आणि रोज सकाळी शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. बटाट्यांच्या पाट्या उचलून आणि गुरुवारचं वाटाण्याचं सूप ढवळून तिचा उजवा खुबा कामातून गेला होता. तरी कोर्सोला गाडीत चढली की थेट शहरापर्यंत ती दाराजवळच्या खांबाला धरून उभी असायची. जागा नसायची असंही नाही. दोघांच्या प्रत्येक आसनावर खिडकीकडे एक माणूस असायचा आणि त्याच्या शेजारी त्याची बॅग.

"विचारायचं ना, इथे कुणी बसलंय का म्हणून!" हिल्का आउनेच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता कडाडली.

"बॅग बसलीये. दिसतं की मला."

"आउने!"

"अगं, मी विचारणार. मग तो कानातले इयरफोन काढून म्हणणार, काय म्हणालात? मी परत विचारणार. मग तो बॅग उचलणार, ती कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघणार, आणि सगळा डबा आमच्याकडे बघणार. एवढ्यात तिक्कुरिला स्टेशन येतं. त्यापेक्षा उभी राहिले तर कुणाचं काय बिघडतं?"

"तुझा खुबा बिघडतो."

"तो आधीच बिघडलाय. घे, बन घे."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. हिल्काच्या मते ती तिचीच सख्खी बहीण होती आणि समोर बसून वेलचीचा बन खात होती.

"नव्या गाडीत तू बसून जाशील," हिल्का म्हणाली. "शब्द आहे माझा."

"मला निवृत्त व्हायला तीन वर्षं राहिलीत."

"गाड्या दोन वर्षांत येतायत. एक वर्ष तरी बसून जा. खुर्चीतून उठल्यासारखी उतरशील स्टेशनावर."

"बघू," आउने म्हणाली. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, पण हिल्काने ते हो असं ऐकलं. ती नेहमी तसंच ऐकायची.

रोगाचं निदान तिने केव्हाच करून टाकलं होतं. आसनं अरुंद आहेत, शेजाऱ्याचा दंड लागतो, म्हणून कुणी बसत नाही. सोपं आहे. दोघांच्या आसनाची रुंदी तिने चार बोटं वाढवली. त्या चार बोटांसाठी ती दोन वर्षं सगळ्यांशी भांडली होती, अगदी बाबागाडीवाल्यांशीसुद्धा, आणि जिंकली होती.

कारशेडच्या एका कोपऱ्यात सुतार कौकोने नव्या डब्याची प्लायवूडची प्रतिकृती उभी केली होती, खऱ्या मापाची. एका मंगळवारी तिथे चाचणी ठरली. उपनगरांतली रोजची माणसं बोलावली. कामाला निघाल्यासारखे या, कोट घालून, बॅगा घेऊन या, नंतर कॉफी आहे, असं त्यांना कळवलं होतं. कॉफी आहे म्हटल्यावर इथे माणसं कशालाही येतात. आउनेलाही हिल्काने बोलावलं होतं. आपला शब्द खरा होताना बहिणीने पाहावं अशी तिची इच्छा होती.

चाचणी बघायला तिचा साहेब यार्मो आला होता आणि गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस रेनातो आला होता. रेनातो दक्षिणेकडचा, बोलघेवडा, हातात माणसं मोजायचं टिकटिक यंत्र घेऊन उभा होता.

दार उघडलं. पहिल्या माणसांनी खिडकीकडच्या जागा घेतल्या. दुसऱ्या घोळक्यानेही खिडकीकडच्याच जागा घेतल्या. मग प्रत्येकाने शेजारी बॅग ठेवली. वाढवलेली चार बोटं अशी कामी आली, की बॅगेशेजारी टोपी आणि हातमोजेही ऐसपैस मावले. त्यानंतर आलेला प्रत्येक माणूस आत डोकावला, थबकला आणि दाराशी उभा राहिला. दाराशी गर्दी वाढत गेली. दंडाला दंड लागला, बुटावर बूट आले, पण कुणी आत सरकेना. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"डबा भरला," रेनातो म्हणाला.

"कुठे भरला? अर्धा रिकामा आहे!"

"हिल्काबाई, मला दोन्ही दिसतंय. दाराशी पाय ठेवायला जागा नाही आणि आत निम्मी आसनं मोकळी. आमच्याकडे असती ना ही माणसं, तर एव्हाना एकमेकांच्या मांडीवर बसून कुणाच्या मुलीचं कुठे जमलं तेसुद्धा विचारून झालं असतं."

हिल्काने टाळ्या वाजवल्या. "मंडळी, बसा! आसनं तुमच्यासाठीच आहेत. बॅगा उचला आणि बसा!"

सगळ्यांचे डोळे आपापल्या बुटांकडे गेले. शेवटी लाल लोकरी टोपीतला एक गृहस्थ सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "आम्ही ठीक आहोत."

त्याच्या मागे, खांबाला धरून, डाव्या पायावर भार टाकून आउने उभी होती. हिल्काने तिच्याकडे पाहिलं. आउनेने छताकडे पाहिलं.

दुपारच्या बैठकीत रेनातोने तोडगा काढला, आणि तो तोडगा वाईट नव्हता हेच वाईट होतं. दारांजवळची आसनं काढून टाकायची, तिथे खांब आणि लोंबत्या कड्या लावायच्या. माणसं जास्त मावतील, खर्च कमी होईल, साफसफाई सोपी होईल. "तुमच्या लोकांना उभं राहायला आवडतं. मग राहू द्या की उभं."

यार्मोने मान डोलावली. इथे साहेबाला अरे-तुरे करायचीच रीत आहे, त्यामुळे हिल्काला जे बोलायचं ते ती सरळ बोलली. "उभं राहायला कुणाला आवडतं रे? विचारायला आवडत नाही, म्हणून उभे राहतात."

"मग विचारायला शिकव."

"सगळ्या देशाला?"

"तुझा काही नेम नाही," यार्मो म्हणाला. "हे बघ हिल्का, पुढच्या शुक्रवारी कारखान्याला आराखडा गेला पाहिजे. गेला नाही तर गाड्या एक वर्ष मागे पडतील. तुला एक चाचणी आणखी देतो, शुक्रवारी सकाळी. तीही अशीच झाली, तर कड्या लागतील."

हिल्काला जे दिसायचं ते लख्ख दिसलं. गाड्या वर्षभर मागे पडल्या तर आउनेच्या हाती शेवटी एक कोरं शून्य. आणि कड्या लागल्या तर आउनेचं उभं राहणं कायमचं लोखंडात ओतलं जाणार, तिच्यानंतरच्या सगळ्या आउनेंसह. "शुक्रवारी बघ," ती म्हणाली. तिच्या तोंडी बघ म्हणजे बघच.

संध्याकाळी ती आउनेबरोबर कोर्सोच्या गाडीत चढली, आणि जे करायला नको होतं ते तिने तिथे केलं. खिडकीशी एक तरुण बसला होता, शेजारी त्याची पाठपिशवी. हिल्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पिशवीचं तिकीट काढलंय का? नसेल तर उचल. माझ्या बहिणीचा खुबा दुखतोय, तिला बसायचंय."

त्या बिचाऱ्याने पिशवी उचलली, स्वतःही उठला आणि लालबुंद होऊन पुढच्या डब्यात निघून गेला. दोन माणसांची जागा मोकळी झाली. सगळा डबा खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर अंधार होता, काही दिसत नव्हतं, तरी बघू लागला.

"बस," हिल्का विजयाने म्हणाली.

आउने बसली नाही. पुढचं स्टेशन आलं तशी ती दाराचं बटण दाबून उतरून गेली. ते तिचं स्टेशन नव्हतं. हिल्का मागोमाग उतरली, तर आउने फलाटावर थंडीत कोटाची कॉलर वर करून उभी होती.

"अगं, जागा मिळवून दिली ना तुला!"

"मी मागितली होती? तीस वर्षं या गाडीने जाते मी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. उद्या तीच माणसं मला बघणार, खुबेवाली बाई म्हणून. तू घरी जा, हिल्का."

"पण—"

"जा म्हटलं ना."

पुढे तीन-चार दिवस हिल्काने कागदावर आसनं वळवून पाहिली, तिरपी करून पाहिली, एकेकटी मांडून पाहिली. एकेकटी मांडली की माणसं बसतील, पण तेवढी डब्यात मावेनात. चिडून तिने पेन्सिल मोडली, आणि मग दुसरी घेतली. आपण हरू असं तिच्या मनात आलं नाही. उत्तर कुठेतरी आहे आणि ते मुद्दाम लपून बसलंय, म्हणून तिला त्याचा राग येत होता.

शनिवारी ती कोर्सोला गेली. भांडण होतं ते खरं, पण भांडणासाठी शनिवारची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, कुणी चुकवत नाही. आउनेच्या इमारतीच्या तळघरात सामाईक सौना होती आणि दुपारी बायकांची पाळी असायची. आउनेने दार उघडलं, "आलीस?" एवढंच म्हणाली आणि हातात पंचा दिला. पाव भट्टीत आहे, तू हो पुढे, मी येतेच, असंही म्हणाली.

हिल्का आत गेली. वरच्या फळीवर बायका ओळीने बसल्या होत्या, बुडाखाली आपापला पंचा, अंगावर काही नाही. सातव्या मजल्यावरची म्हातारी होती, नुकतीच राहायला आलेली एक गोंदवलेली मुलगी होती, आणखी कोण कोण होत्या. हिल्का कोपऱ्यात टेकली. फळी आता भरल्यासारखी दिसत होती.

थोड्या वेळाने आउने आली. एक पाय ओढत, खालच्या फळीला धरत ती वर चढू लागली. कुणी काही बोललं नाही. सातव्या मजल्यावरची म्हातारी जराशी सरकली. तिच्या शेजारची सरकली. गोंदवलेली मुलगी सरकली, आणि सरकण्याची ती लाट कोपऱ्यापर्यंत आली, तेव्हा हिल्कानेही काही न कळता बूड हलवून भिंत गाठली. ओळीच्या मधोमध एक जागा झाली. आउने तिथे बसली, मांडीला मांडी लावून, दोन्ही बाजूंना परक्या बायका.

"टाकू का?" ओगराळं हातात असलेलीने विचारलं.

"टाक," आउने म्हणाली. तापल्या दगडांवर पाणी पडलं आणि वाफेचा लोट उठला.

हिल्का त्या वाफेतून बहिणीकडे बघत राहिली. कोट घातलेल्या माणसाशेजारी जी तीस वर्षांत बसली नाही, ती इथे उघड्या मांड्यांमध्ये डोळे मिटून सुखात बसली होती.

"आउने, तू विचारलं नाहीस."

"काय विचारायचं?"

"बसू का म्हणून."

"बाकावर बसायला काय विचारायचं? बाक काय कुणाच्या नावावर असतो?"

हिल्का उठून उभी राहिली. दोघांचं आसन पहिल्या बसणाऱ्याच्या नावावर होतं. चार बोटांनी ते रुंद केलं म्हणजे तिने त्याला वतन थोडं मोठं करून दिलं होतं, एवढंच. लांब बाक कुणाचाच नसतो. तिथे आलेल्याने विचारायचं नसतं, बसलेल्याने सरकायचं असतं. अजून कसं दिसलं नाही हे, म्हणून एक शिवी तिने स्वतःला हासडली आणि लगेच कामाला लागली. वीत टाकत टाकत ती फळी मोजू लागली. किती खोल, किती उंच, एका बाईला किती विती.

"हिल्का, हात आवर," म्हातारी म्हणाली. "ती माझी मांडी आहे."

"सरकारी काम आहे."

"सरकारी काम कपडे घालून करतात."

सगळी फळी हसली. आउनेही हसली, मंगळवारनंतर पहिल्यांदा. हिल्काने मोजणं थांबवलं नाही, आणि मोजता मोजता तिने सगळा बेत सांगितला: दारांजवळची दोघांची आसनं जाणार, तिथे भिंतीला लागून लांब बाक, लाकडी, मध्ये दांडी नाही, खाच नाही, की ही तुझी आणि ही माझी असं काही नाही.

"छान," आउने म्हणाली. "आणि बॅगा?"

"बॅगा काय?"

"बाकावर ठेवतील की शेजारी."

अंघोळ करून दोघी कपडे घालायच्या खोलीत आल्या, तरी हिल्काच्या डोक्यात बॅगाच होत्या. आउने तिला पंचाने पाठ पुसून देत होती. हिल्काची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथे लाकडी पट्टीवर खुंट्यांची ओळ होती आणि प्रत्येक खुंटीला कुणाचा झगा, कुणाची पिशवी लटकत होती. आत जायच्या आधी प्रत्येकीने तिथे आपलं ओझं अडकवलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही. खुंटी होती म्हणून.

"खुंट्या," हिल्का म्हणाली.

"आता काय झालं?"

"काही नाही. ऐकतेस? शुक्रवारी तू येशील ना?"

आउनेने पंचा झटकला. "एका अटीवर. माझ्यासाठी परत कधी गाडीत ओरडायचं नाही. चाचणीत नाही, खऱ्या गाडीत नाही. तोंडातून ब्र काढायचा नाही."

"नाही काढणार."

"शब्द?"

"शब्द," हिल्का म्हणाली. माफी मागायला तिला यायचं नाही, पण शब्द ती पाळायची, आणि आउनेला तेवढं पुरलं.

सोमवारी सुतार कौकोने तिने आणलेलं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "ही गाडी आहे की सौना?"

"तू बाक कर. वाफेचं मी बघते."

"या खुंट्या किती?"

"माणसं तितक्या. बाकाच्या वर, आत शिरल्या शिरल्या हात पोचेल अशा."

शुक्रवारी पुन्हा तीच माणसं आली, लाल टोपीवाल्यासकट. आउने तेवढी दिसेना. दार उघडलं. पहिली बाई आत शिरली, तिला खुंटी दिसली, आणि घरात आल्यासारखी तिने बॅग अडकवून टाकली. पण मग ती बाई बाकाच्या एका टोकाला बसली, दुसरा माणूस दुसऱ्या टोकाला बसला, आणि तिसरा फूटपट्टीने मोजून बसावा तसा बरोबर मधोमध. रेनातोने हिल्काकडे बघून भुवया उंचावल्या. चौथा उरलेल्या मोकळ्या जागेच्या मधोमध. लाल टोपीवाला आणखी एका जागेच्या मधोमध. बाकावर आता कुणालाच कुणी चिकटलेलं नव्हतं, आणि नवा माणूस मावेल अशी जागाही कुठे नव्हती. पुढचे चौघे दाराशी थांबले.

"कड्या," यार्मो हळूच म्हणाला.

"थांब," हिल्का म्हणाली.

तेवढ्यात आउने आली, धापा टाकत, शाळेतून सुटी मागून. कोटाला तळलेल्या कांद्याचा वास होता. उभ्या असलेल्या चौघांमधून ती आत आली आणि सवयीने तिचा हात खांबाकडे गेला. हिल्काच्या जिभेवर सगळं आलं होतं: सरका, बसा, दिसत नाही का तुम्हाला. तिने दात घट्ट मिटले. आयुष्यात एवढं कठीण काम तिने केलं नव्हतं.

लाल टोपीवाल्याने आउनेचा पाय पाहिला. मग तो सरकला, फार नाही, चार बोटं. त्याच्या शेजारच्याला ते कळलं आणि तोही सरकला. त्याच्या पलीकडची बाई सरकली. एकेक बूड फळीवर घासत गेलं, टोकाचा माणूस भिंतीला टेकला, आणि लाल टोपीशेजारी एक जागा झाली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आउनेने त्या जागेकडे पाहिलं, वर खुंटीकडे पाहिलं, बॅग अडकवली आणि बसली.

मग दाराशी थांबलेले चौघेही आत आले, त्यांच्यामागून बाकीचेही. आता सगळ्यांना कसं करायचं ते कळलं होतं. रेनातोच्या हातातलं यंत्र टिकटिक करत राहिलं, आणि कड्यांच्या हिशेबापेक्षा तीन जास्त झाल्यावर तो म्हणाला, "हिल्काबाई, काय केलंत यांना?"

"काही नाही. खुंट्या लावल्या."

"आणि तुझी ती रुंद आसनं?" यार्मोने विचारलं. "दोन वर्षं डोकं खाल्लं होतंस आमचं."

"काढून टाक. बॅगांसाठी फार सुंदर होती." आणि ती कॉफी प्यायला गेली. कॉफीच्या टेबलाशी आउने शेवटचा बन घेऊन तिची वाट बघत होती.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, गाड्या आल्या. पांढऱ्या, लांब, फलाटाशी इतक्या सपाट लागणाऱ्या, की बाबागाडीसुद्धा न अडखळता आत जाई. पहिल्या आठवड्यात हिल्का पहाटे उठून शहरातून उलट्या दिशेने तिक्कुरिलापर्यंत गेली आणि कोर्सोहून येणारी आउनेची गाडी धरायला फलाटावर उभी राहिली. दोन दिवसांपूर्वी हिल्का बर्फावरून घसरली होती आणि तिचा घोटा टम्म सुजला होता. घरी राहा, असं डॉक्टरने सांगितलं होतं. डॉक्टरला काय कळतंय.

गाडी आली. तिने बटण दाबलं, ती आत शिरली आणि लगेच तिला आउने दिसली. दारालगतच्या लांब बाकावर मधोमध, एका बाजूला फोन बघणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला एक जाडजूड गृहस्थ, तिघांचे खांदे एकमेकांना टेकलेले. वर खुंटीला तिची ओळखीची निळी पिशवी डुलत होती. आउनेचे डोळे मिटलेले होते. दोन्ही पाय तिने समोर सरळ सोडले होते, दुखणारा आणि न दुखणारा.

हिल्काला एवढा आनंद झाला की तिला नाक पुसावं लागलं. नाक पुसून तिने खांब धरला. बाक भरलेला होता. सगळे पेंगत होते, वाचत होते, आणि तिक्कुरिलाला चढलेल्या इतर माणसांमागे ती कुणाला दिसतही नव्हती. गाडी सुटली तशी घोट्यातून कळ निघाली. तिने दुसऱ्या पायावर भार टाकला. सरका म्हणायचं, एवढंच तर होतं. पण या गाडीत ब्र काढायचा नाही असा शब्द दिलेला होता, आणि खरं सांगायचं तर तो दिला नसता तरी त्या झोपाळू, उबदार ओळीला हलवायला तिची जीभ रेटली नसती. उभी राहिले तर कुणाचं काय बिघडतं, असं तिच्या मनात आलं, आणि हे वाक्य आपण कुणाच्या तोंडून ऐकलंय तेही लगेच आठवलं.

पुढच्या वळणावर गाडी थोडी हलली. आउनेने डोळे उघडले. तिला आधी माणसांच्या गर्दीतून खांब धरलेला हात दिसला, मग हिल्काचा कळ दाबलेला चेहरा, मग फुगलेला बूट. तिने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"सरका हो जरा," आउने म्हणाली. मोठ्याने म्हणाली. तीस-बत्तीस वर्षांत त्या लाईनवर तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. "माझी बहीण उभी आहे तिकडे. पाय दुखतोय तिचा."

फोनमधला मुलगा सरकला. जाडजूड गृहस्थ सरकला. ओळीच्या टोकापर्यंत सगळे सरकले, आणि उभ्या असलेल्यांनी वाट करून दिली. हिल्का लंगडत आली आणि बहिणीशेजारी बसली. तिने बॅग मांडीवर घट्ट धरून ठेवली.

आउनेने पुन्हा डोळे मिटले होते.

"ती मांडीवर कशाला घेऊन बसलीयेस?" ती तशीच म्हणाली. "खुंटीला लाव."